चुकीचा भुर्दंड कोणी सोसायचा? सामान्य खातेदारासाठी बँकव्यवस्थेतील सुधारणा

बँकव्यवस्था सामान्य माणसासाठी अधिक न्याय्य करायची झाल्यास नेमके काय बदलावे लागेल आणि सुरुवात कोठून करावी, असा प्रश्न आहे. माझी नोकरी बँकेच्या कर्जविभागात आणि पुढे तक्रार निवारणाच्या कामात गेली. त्या दोन्ही टेबलांवर जे पाहिले, त्याच्या आधाराने हे उत्तर देत आहे.

या विषयावरची चर्चा बँका लोभी आहेत की नाहीत, या वादात लवकर अडकते. माझ्या अनुभवात अन्याय बहुतेक वेळा कोणा एकाच्या दुष्टपणातून होत नव्हता. तो नियमांच्या मांडणीतच होता. हप्ता एक दिवस उशिरा पोहोचला, यंत्रणा बंद पडली, भामट्याने पैसे वळवले, व्याजदर उतरूनही कर्जाचा दर उतरला नाही, अशा प्रत्येक प्रसंगी भुर्दंड कोणी भरायचा हे करारातील बारीक अक्षरांत आधीच ठरलेले असते. तो बहुधा अशा माणसाच्या माथी येतो, ज्याच्याकडे तो प्रसंग टाळण्याची साधने सर्वांत कमी होती. म्हणून कोणतीही सुधारणा मी एकाच कसोटीवर तपासतो: नुकसान टाळण्याची ताकद ज्याच्याकडे अधिक आहे, त्यानेच ते सोसावे, अशी तरतूद तिच्यात आहे का? ज्या देशांत ही तरतूद झाली, तेथे बँकांनी आपली यंत्रणा स्वतःहून सुधारली. जेथे केवळ ग्राहकाला सावध राहण्याचे सल्ले दिले गेले, तेथे फारसे काही बदलले नाही.

शुल्काचे उदाहरण घेऊ, कारण गरीब खातेदाराचे सर्वाधिक नुकसान येथे होते आणि ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. समजा, खात्यात १०० इतकी शिल्लक आहे, चलन कोणतेही धरा. दिवसभरात खातेदाराने आधी १०, मग २०, मग १५ आणि शेवटी ९० असे चार व्यवहार केले. ज्या क्रमाने व्यवहार झाले त्याच क्रमाने ते नावे टाकले, तर पहिले तीन सहज बसतात, शिल्लक ५५ राहते आणि केवळ शेवटच्या व्यवहाराला खाते उणे होते. म्हणजे ओव्हरड्राफ्टचे, अर्थात शिलकीहून जास्त उचल झाल्याचे, शुल्क एकदा लागते. आता बँकेच्या संगणकाने दिवसअखेरीस सर्वांत मोठी रक्कम आधी घेतली असे धरा. ९० वजा होताच शिल्लक १० उरते आणि त्यानंतरच्या २०, १५ व १० या तिन्ही व्यवहारांना खाते उणे असते. अखेरची शिल्लक दोन्ही प्रकारांत तीच, उणे ३५. मात्र शुल्क एकाऐवजी तीन वेळा. ही गोष्ट कल्पनेतील नाही. अमेरिकेतील अनेक मोठ्या बँका वर्षानुवर्षे व्यवहार असे मोठ्याकडून लहानाकडे लावत होत्या आणि त्यावरून तेथील न्यायालयांत मोठे खटले झाले. ज्याच्या खात्यात भरपूर पैसे आहेत, त्याला या क्रमाने काहीच फरक पडत नाही. ज्याचा महिना शेवटच्या आठवड्यात ओढाताणीचा जातो, केवळ त्यालाच पडतो.

अमेरिकेत २०१० पासून एटीएम आणि डेबिट कार्डाच्या एकेका व्यवहारावर असे शुल्क लावण्यापूर्वी ग्राहकाची स्पष्ट संमती घेणे बंधनकारक झाले. ब्रिटनने याहून पुढचे पाऊल उचलले. तेथे एप्रिल २०२० पासून ओव्हरड्राफ्टवर दिवसाचे किंवा महिन्याचे ठरावीक शुल्क लावण्यास मनाई झाली आणि जे काही घ्यायचे ते एकाच वार्षिक व्याजदराच्या रूपात घ्यावे, असा नियम आला. यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. १०० ची उचल दहा दिवसांसाठी केली आणि त्यावर ५ शुल्क भरले, तर ते वर्षाला १८० टक्क्यांहून अधिक व्याज होते. पण 'फक्त ५' असे लिहिले की कोणाला ते व्याज वाटत नाही. दर टक्केवारीत आल्यावर लहान उचलीवरचा हा बोजा उतरला. त्याच वेळी अनेक बँकांनी आपले दर ४० टक्क्यांच्या आसपास नेले, त्यामुळे आधी मंजूर मर्यादेत कमी दराने उचल करणाऱ्या काही खातेदारांचा खर्च वाढला, हेही येथे सांगितले पाहिजे. तरीही मी या नियमाच्या बाजूने आहे. सर्वांत दुबळ्या खातेदाराच्या दंडातून इतरांची सेवा स्वस्त ठेवण्याची पद्धत त्याने बंद केली, आणि ती बंद झाल्यावर कोणाचा तरी खर्च वाढणारच होता.

माहिती उघड करण्याच्या नियमांबद्दल माझे मत संमिश्र आहे. अमेरिकेने १९६८ च्या कायद्याने कर्जाचा खरा वार्षिक दर सांगणे सक्तीचे केले आणि पुढे अनेक देशांनी तोच मार्ग धरला. त्याची गरज किती होती, हे कर्जविभागात काम केलेला कोणीही सांगेल. एक लाखाचे कर्ज, दोन वर्षांची मुदत, १२ टक्के सपाट दर, असे ऐकले की माणसाला वाटते आपण १२ टक्क्यांनी कर्ज घेत आहोत. सपाट दरात व्याज सबंध मुदतभर मूळ रकमेवर धरले जाते, म्हणजे व्याज २४,००० आणि महिन्याचा हप्ता ५,१६७. पण मुद्दल तर दर महिन्याला फिटत असते. घटत्या शिलकीवर हिशेब मांडला, तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांवर जातो. हे दोन आकडे शेजारी लिहून दाखवले की समोरच्या कर्जदाराचा चेहरा बदलतो, आणि पुष्कळदा तो कर्जाची रक्कम तिथल्या तिथे कमी करतो. भारतात ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लहान उद्योगांच्या नव्या कर्जांसाठी सर्व खर्च धरून काढलेला वार्षिक दर दाखवणारे मुख्य तथ्य विवरण द्यावे लागते, ते याच कारणासाठी महत्त्वाचे आहे.

परंतु कागद कितीही स्वच्छ असला, तरी ज्याला उद्या सकाळपर्यंत पैसे हवेत त्याच्या हातात घासाघीस करण्याची ताकद त्या कागदाने येत नाही. तो शेवटच्या पानावर सही करतो, आणि पुढे तक्रार आली की बँक तीच सही दाखवून हात वर करते. तक्रारीच्या टेबलावर मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की, केवळ माहिती देण्यावर थांबणाऱ्या सुधारणेवर माझा विश्वास राहिलेला नाही. दराची स्पष्टता हवीच. तिच्यामागे काही गोष्टी सरसकट निषिद्ध करणारा नियमही हवा. दंडावर पुन्हा व्याज लावणे ही त्यांतली एक. भारतात २०२४ पासून बँकांना हप्ता चुकल्यास वाजवी दंडशुल्क घेता येते, पण ते व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्यावर आणखी व्याज आकारता येत नाही. थकबाकी फुगण्याचा वेग यामुळे किती कमी होतो, हे ज्याने थकलेल्या कर्जाचा खातेउतारा ओळीने वाचला आहे त्यालाच नीट कळेल.

विक्रीचा प्रश्न याहून गंभीर आहे. ब्रिटनमध्ये कर्जासोबत परतफेडीच्या संरक्षणाचा विमा लाखो ग्राहकांच्या गळ्यात मारला गेला. त्यांपैकी अनेकांना तो विमा लागूच होत नव्हता, कारण ते स्वयंरोजगारी होते किंवा त्यांना आधीपासूनचे आजार होते. दावे करण्याची मुदत ऑगस्ट २०१९ मध्ये संपली, आणि बँकांना एकूण ३८ अब्ज पौंडांहून अधिक भरपाई द्यावी लागली. अमेरिकेत २०१६ मध्ये वेल्स फार्गो या बँकेतील प्रकरण उघड झाले. विक्रीची उद्दिष्टे गाठण्यासाठी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या परवानगीविना लाखो खाती उघडली होती, आणि काही वर्षांच्या काळात सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढण्यात आले. काढलेल्यांत बहुसंख्य खालच्या पायरीवरचे होते. येथेही तीच कसोटी लावून पाहावी. काउंटरवरच्या मुलीला महिनाअखेरीस आठ विमे विकायचे आहेत, ते विकले नाहीत तर बदली किंवा नोटीस ठरलेली आहे, आणि तिच्यासमोर मुदत संपलेली ठेव घेऊन एक वृद्ध बसले आहेत. त्या क्षणी चूक टाळण्याची ताकद तिच्याकडे फारशी नसते. ज्याने ते उद्दिष्ट आखले, त्याच्याकडे ती असते.

म्हणूनच ब्रिटनने २०१६ पासून वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक जबाबदारीची जी पद्धत आणली, ती मला महत्त्वाची वाटते. तीत बँकेतील प्रत्येक महत्त्वाच्या कामावर एका नामनिर्दिष्ट अधिकाऱ्याची लेखी जबाबदारी असते आणि त्याच्या हाताखाली गैरप्रकार झाल्यास, तो रोखण्यासाठी त्याने वाजवी पावले उचलली होती का, हे तपासले जाते. मोठ्या अधिकाऱ्यांच्या बोनसचा काही भाग काही वर्षे रोखून ठेवणे आणि गैरप्रकार उघड झाल्यास दिलेलाही परत घेणे, या तरतुदी त्याच धर्तीच्या आहेत. माझी यापुढची मागणी अशी आहे की, ठेवीदाराशी रोज व्यवहार करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारात, बढतीत किंवा बदलीत विमा आणि गुंतवणूक योजनांच्या विक्रीला कोणतेही स्थान नसावे. पेन्शन काढायला आलेल्या माणसाचा विश्वास बँकेवर असतो. तो विश्वास विकायला काढण्याचा अधिकार कोणाला नाही.

आता फसवणुकीकडे येतो. गेल्या दशकात सामान्य खातेदाराचे सर्वांत मोठे भय हेच झाले आहे. कोणी परभारे खात्यातून पैसे काढले, तर त्याबाबतचे नियम पुष्कळ देशांत बऱ्यापैकी आहेत. भारताच्या रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये स्पष्ट केले की, दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून यंत्रणेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर त्याच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच आहे. अडचण आहे ती भामट्याने भुलवून खातेदाराकडूनच पैसे पाठवून घेतले, त्या प्रकरणांत. पोलीस किंवा बँक अधिकारी असल्याची बतावणी करून, भीती घालून, तासन्‌तास फोनवर अडकवून ठेवून रक्कम वळती करून घेतली जाते, आणि मग बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच मंजूर केला होता.

हे उत्तर मला मान्य नाही. खातेदार आयुष्यात एखाद्या वेळी अशा जाळ्यात सापडतो. बँकेसमोर असे व्यवहार रोज येतात. वर्षानुवर्षे लहान रकमांचे व्यवहार करणारा माणूस एका तासात सगळी ठेव मोडतो आणि अनोळखी खात्यांवर पाठवतो, हे पहिल्यांदा बँकेच्या पडद्यावर दिसते. पैसे ज्या बँकेत जातात तिला तर आणखी दिसते: गेल्या आठवड्यात उघडलेल्या खात्यात चहूकडून रकमा येतात आणि काही मिनिटांत बाहेर जातात. ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून नेमके हेच ओळखले. त्वरित हस्तांतरणातून झालेल्या अशा फसवणुकीत ८५,००० पौंडांपर्यंतची रक्कम साधारणपणे पाच कामकाजी दिवसांत ग्राहकाला परत द्यायची आणि तिचा भार पाठवणाऱ्या व स्वीकारणाऱ्या संस्थांनी निम्मानिम्मा उचलायचा. ग्राहकाने अक्षम्य निष्काळजीपणा केला असेल तर भरपाई नाकारता येते, पण असहाय स्थितीतील ग्राहकाला ती अटही लागू नाही. स्वीकारणाऱ्या बँकेवर निम्मा भार टाकणे हा या नियमाचा प्राण आहे. भाड्याने दिलेली खाती हाच या धंद्याचा आधार आहे, आणि ती खाती उघडून देणाऱ्या बँकेला आजवर त्याची फारशी झळ लागत नव्हती. इतर देशांनी रकमेची मर्यादा आपापल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावी. भार वाटण्याचे हे तत्त्व मात्र जसेच्या तसे घ्यावे.

कर्जाच्या उपलब्धतेबाबत लोकप्रिय उपायांपासून सावध राहिले पाहिजे. व्याजदरावर कायद्याने कमाल मर्यादा घालावी, ही मागणी सर्वत्र होते. केनियाने २०१६ मध्ये बँकांच्या कर्जदरावर मध्यवर्ती बँकेच्या दराहून चार टक्के अधिक अशी मर्यादा घातली. परिणाम असा झाला की बँकांनी लहान कर्जदारांना कर्ज देणेच आखडते घेतले आणि पैसा सरकारी रोख्यांकडे वळवला. बँकेचे दार बंद झालेले लोक त्याहून महागड्या कर्जांकडे गेले, म्हणजे आगीतून फुफाट्यात पडले. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती मर्यादा उठवण्यात आली. अवाजवी सावकारी दरांना वरची सीमा हवीच, पण ती इतकी खाली ओढू नये की जोखमीच्या लहान कर्जाचा खर्चही भरून निघणार नाही. त्यापेक्षा कर्ज नाकारण्याचे कारण सांगण्याची सक्ती मला जास्त परिणामकारक वाटते. अमेरिकेत १९७४ पासूनच्या समान पतसंधी कायद्यानुसार अर्जदाराला नकाराची विशिष्ट कारणे मिळण्याचा हक्क आहे. आज निर्णय संगणकाचे गुणांकन घेते, तेव्हा हा हक्क अधिकच महत्त्वाचा आहे. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निर्वाळा दिला की, बँका पतगुणांकावर निर्णायकपणे विसंबत असतील, तर तो गुणांक काढणे हाच स्वयंचलित निर्णय ठरतो आणि त्याला युरोपच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे बंधन लागू होते. 'आमच्या निकषांत बसत नाही' या उत्तराने अर्जदार काहीच दुरुस्त करू शकत नाही. जुन्या कर्जाची बंद झालेली नोंद अजून चालू दिसते, एवढेच कारण असेल तर ते त्याला कळले पाहिजे, कारण ते एका पत्राने दुरुस्त होते.

पैसा निर्माण करण्याचा अधिकारच बँकांकडून काढून घ्यावा, असाही एक विचार आहे. कर्ज देताना बँका नवी ठेव निर्माण करतात, हे खरे आहे. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये ते सोप्या शब्दांत मांडले होते. स्वित्झर्लंडमध्ये या अधिकाराविरुद्धचा प्रस्ताव जून २०१८ मध्ये सार्वमताला गेला आणि सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी तो फेटाळला. तो प्रश्न अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोठा असेल, पण पैसा कोणीही निर्माण केला तरी शुल्क, विक्री आणि फसवणूक यांचे नियम करावेच लागतील. म्हणून मी माझी शक्ती तिकडे लावणार नाही.

बँक बुडते तेव्हा काय होते, याकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर रांगा लागल्या, तेव्हा तेथील ठेव विमा पहिल्या २,००० पौंडांना पूर्ण आणि पुढच्या ३३,००० पौंडांना ९० टक्के संरक्षण देत होता. अशा विम्याच्या भरवशावर घरी थांबणे कोणाही ठेवीदारासाठी शहाणपणाचे नव्हते. एक दशांश रक्कम गमावण्यापेक्षा रांगेत उभे राहणे बरे, असा सरळ हिशेब होता. त्यामागची कल्पना अशी होती की थोडे नुकसान अंगावर असले म्हणजे ठेवीदार बँक पारखून घेईल. पगार जमा होण्यासाठी खाते उघडणाऱ्या माणसाने बँकेचा ताळेबंद तपासावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. तपासणी हे नियामकाचे काम आहे आणि नुकसानीचा पहिला वाटा भागधारकांचा. ठराविक मर्यादेपर्यंत शंभर टक्के विमा, आणि तो लवकर हातात पडणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच आवश्यक आहेत. भारतात ही मर्यादा २०२० मध्ये पाच लाख रुपये झाली आणि २०२१ च्या दुरुस्तीने बँकेवर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत पैसे देण्याची तरतूद आली. युरोपीय संघाने ती मुदत सात कामकाजी दिवसांवर आणली आहे. औषधपाण्याचा खर्च असलेल्या घराला नव्वद दिवस फार लांब पडतात.

काही सुधारणा तुलनेने सोप्या आहेत आणि त्या लांबवण्याचे कारण नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाने कायदेशीर रहिवासी असलेल्या प्रत्येकाला मूलभूत खात्याचा हक्क दिला. ब्रिटनमध्ये २०१३ पासून खाते दुसऱ्या बँकेत हलवणे सात कामकाजी दिवसांत होते, नेमून दिलेली सर्व देणी आपोआप नव्या खात्यावर जातात. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये पिक्स ही त्वरित हस्तांतरणाची सार्वजनिक यंत्रणा सुरू केली, ती व्यक्तींसाठी साधारणपणे विनामूल्य आहे. यासोबत रोख रक्कम आणि माणूस भेटेल असे काउंटर जवळपास उपलब्ध राहील, याचीही कायदेशीर हमी हवी, कारण वृद्ध, अंध आणि अक्षरओळख नसलेल्या खातेदारांसाठी मोबाइलवरची बँक ही पुष्कळदा बंद शाखेसारखीच असते.

राहता राहिली तक्रार. बँकेच्या बाहेर तक्रारींचा निवाडा करणारा स्वतंत्र लोकपाल अनेक देशांत आहे आणि तो विनामूल्य आहे, ही मोठी सोय आहे. मात्र ही व्यवस्था एकेका तक्रारीसाठी बांधलेली असते. एखादे शुल्क चुकीचे लागले म्हणून एक खातेदार खेटे घालतो, चिकाटीने लढतो आणि त्याची रक्कम परत मिळवतो. त्याच संगणकीय चुकीमुळे तेच शुल्क ज्या हजारो इतरांना लागले, त्यांना काहीच कळत नाही. तक्रार न करणाऱ्यांमध्ये गरीब, वृद्ध आणि कमी शिकलेले लोक अधिक असतात. माझ्या टेबलावर येणारे अर्ज पाहून हे सतत जाणवत असे. ज्यांचे अर्ज यायला हवे होते, त्यांचे येत नसत. ऑस्ट्रेलियात बँकांच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाने २०१८ मध्ये सुनावण्या घेतल्या, तेव्हा सेवा न देता शुल्क घेतल्याची, एवढेच काय पण मृत ग्राहकांच्या खात्यांवरही ते चालू ठेवल्याची प्रकरणे बाहेर आली, आणि त्यानंतर बँकांना स्वतः खाती शोधून अब्जावधी डॉलर परत करावे लागले. हे काम आयोग नेमण्याची वेळ येईपर्यंत थांबू नये. एखादी तक्रार मान्य झाली आणि चूक यंत्रणेची आहे असे दिसले, तर बँकेने त्या चुकीने बाधित झालेले प्रत्येक खाते ठरलेल्या मुदतीत शोधावे, रक्कम व्याजासह जमा करावी, खाते बंद झाले असल्यास खातेदाराचा किंवा वारसाचा पत्ता काढावा, आणि शोध पूर्ण झाल्याचे एका वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने नियामकाला लेखी कळवावे. यासाठी खातेदाराकडून कोणताही अर्ज मागू नये.